अवघड वाक्य

उस्मानपुऱ्यातल्या क्लासच्या पायऱ्यांवर बसून सायलीनं वर्षभर देवेशकडून जपानी घोकून घेतलं. एका वाक्याला मात्र त्याची जीभ हटकून अडखळायची. "कांगाएते ओकिमास." म्हणजे, विचार करून सांगतो.

"याचा अर्थ 'नाही' असाच घ्यायचा," ती बजावायची. "जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाय."

"भित्रे आहेत लेकाचे!" देवेश हसायचा.

त्याचा जपानचा व्हिसा आला, त्या दिवशी पेढे सायलीनंच आणले.

"मग? आपल्या लग्नाचं घरी कधी सांगतोस?"

देवेश मोबाइलमध्येच बघत राहिला.

"कांगाएते ओकिमास."

या वेळी त्याची जीभ कुठंच अडखळली नाही.