खडूचं बोट

कापडाच्या कात्रीने कागद कोणी कापला, यावरून शिंपी भावांमध्ये जुंपली आणि एकाच दुकानात दोघांचा अबोला सुरू झाला. त्यातच थोरल्याच्या पापणीवर पुन्हा रांजणवाडी उठली. धाकटा चकार शब्द काढेना. पण रोज स्वच्छ फडकं इस्त्रीखाली तापवायचा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा आणि थोरल्याच्या मशीनवर ठेवून निघून जायचा. शेकाने गाठ जिरली आणि फडकं यायचं थांबलं. पुन्हा होऊ नये म्हणून शेक चालूच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ते सांगायचं तर आधी तोंड उघडायला हवं, आणि नमतं घेईल तो थोरला कसला! शेवटी त्याने धाकट्याकडे बघत खडूने माखलेलं बोट सावकाश पापणीकडे नेलं. “दादा! खडूचा हात डोळ्याला नाही लावायचा, कितीदा सांगायचं?” थोरल्याने निवांत डोळे मिटले. “बरं. फडकं आण.”