काट्यावरचा झेंडू

"अहो पेडणेकरबाई, ते फूल उचला आधी!" तळवलकर साहेब दारातूनच ओरडले. "तपासनीस जिन्यात आलेत!"

औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत यंत्रांची देखभाल कुंदा पेडणेकरकडे होती. खंडेनवमी म्हणून सकाळी तिने नाजूक इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या तबकडीवर झेंडू वाहिला. आरतीला बरं दिसावं म्हणून साहेबांनीच फुलासकट आकडा शून्यावर आणला. दुपारपर्यंत फूल सुकू लागलं आणि आकडा शून्याच्याही खाली घसरू लागला. तपासनिसांनी काटा नापास केला, तर कुंदाची नोकरी कायम होण्याची आशा संपली असती.

तिने हात पुढे केला तोच तपासनीस आत आले. आकड्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"फूल सुकलेलंही कळतं याला! वा! काटा पास."

"मग फूल काढू ना, साहेब?"

"खबरदार! ज्या स्थितीत तपासला, त्याच स्थितीत राहिला पाहिजे."

कुंदा कायम झाली. फूलही कायम झालं. साहेब बदलले, झेंडू वाळून तपकिरी पडला, पण त्याच्याच शेजारी औषधं तोलली जात राहिली.

कुंदाच्या निवृत्तीला शाल-श्रीफळ देताना नव्या साहेबांनी प्रेमाने विचारलं, "ताई, आठवण म्हणून इथलं काय देऊ?"

"तो झेंडू द्या."

साहेबांनी हात जोडले.

"दुसरं काहीही मागा, ताई. फूल नेलंत, तर आम्ही शून्य कुठून आणायचं?"