हाताला लागलेली दीर्घिका

त्या संध्याकाळी रिठदच्या घराच्या ओट्यावर मी काळ्या मातीतून आपल्या आकाशगंगेच्या शेजारची दीर्घिका घडवून जन्मांध बाबांच्या हातात दिली. “समोरून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते,” मी म्हणाले. “पण तिच्यातले काही तारे फुगतात, आकसतात. त्या लयीवरून त्यांचा खरा उजेड कळतो, उजेडावरून अंतर, आणि हजारो अंतरांवरून हा आकार.” बाबांची बोटं ओल्या मातीवरून सावकाश फिरत राहिली, जणू त्यांना कुठेच पोचायचं नव्हतं. “हे तं भुईमुगाच्या शेंगेवानी आहे. म्हंजे तुमी डोळेवालेबी चाचपूनच राह्यले!” ते हसले. “पन हे ताऱ्याचं येड तुले लागलं कुठून, माय?” “असंच,” मी म्हणाले. पहाटे ते झोपेतच गेले. शेवटच्या अंघोळीत मी त्यांचे हात धुतले. नखांतली माती राहू दिली. मग सगळ्यांदेखत कानाशी वाकून म्हणाले, “बाबा, तुमाले आभाळ सांगता यावं म्हनून.”