लवंगांची पुडी

"आज तरी ते वाक्य म्हणा, भाऊ," रामनाथ सतरंजी झटकत म्हणाला. "वर्ष झालं. सगळ्यांनी म्हटलं, तुमीच तेवढं राहिलात."

गेणभाऊंनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. "बघू."

"बघू न्हाई. मी अमुक, मी दारुडा हाये. एवढंच तर म्हणायचं. मला तीन महिने लागले, तुमाला बारा. लई जड जीभ राव तुमची."

मंचरच्या शाळेची ती खोली दर रविवारी दुपारी त्यांना मिळायची. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी दहाबारा माणसं गोल बसायची, आपापलं सांगायची. गेणभाऊ महाळुंगे पडवळहून सगळ्यांच्या आधी यायचे. घरी थांबून करायचं काय? एकट्यापुरता चहा त्यांना अजून जमत नव्हता. दोन कप व्हायचा. दुसरा गार होऊन मोरीत जायचा.

गावात त्यांची दारू सगळ्यांना ठाऊक होती. मुलगा आदेश शिकायला पुण्याला गेला, त्या वर्षापासून रोज संध्याकाळी फाट्यावरच्या दुकानातून एक क्वार्टर आणि शेजारच्या टपरीवरून लवंगांची पुडी. बाटली सदऱ्याच्या आत, पुडी खिशात, मान खाली.

"घरी नेऊन पितो. वास येऊ नये म्हणून लवंगा चघळतो," लोक म्हणायचे. "पण गडी निबर. रस्त्यात कधी तोल गेला न्हाई."

बायको प्रयागबाई हळूहळू घराबाहेर यायची बंद झाली. हळदीकुंकवालाही दिसेना. नवऱ्यापायी झुरतीय, असं बाया म्हणायच्या. मागच्या वर्षी काविळीनं ती गेली.

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा आदेश सगळ्यांदेखत ओरडला, "आईचा जीव तुमच्या बाटलीत अडकलाय, नाना! सोडायची शपथ घ्या." गेणभाऊंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून शपथ घेतली. तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. गेणभाऊंना त्याचं नवल वाटलं नाही. आदेश घाटावरूनच चाकणला आपल्या बिऱ्हाडी निघून गेला. नंतर त्यानं फोन उचलला नाही.

शपथ घेतली म्हणून गेणभाऊ या खोलीत आले, आणि येत राहिले.

"बाटली ज्वारीच्या कोठीत असायची," ते सांगायचे. "न्हाईतर गोधडीच्या घडीत. सकाळी हात असे कापायचे, की कपातला चहा बशीत. रोज ठरायचं, आजची शेवटची. रडून ठरायचं. दिवस मावळला की पुन्यांदा तेच."

भोवतीच्या माना हलायच्या. एरवी त्यांच्याशी कुणी दोन शब्द बोलत नसे.

"दुसऱ्याचं सांगितल्यागत सांगता, भाऊ," रामनाथ एकदा म्हणाला होता. "आपलं म्हणून सांगा. मग सुटाल."

आज त्यांना वर्षाचं पदक मिळायचं होतं. पितळेचं, रुपयाएवढं. ते घरच्या माणसाच्या हातून द्यायची इथली रीत. रामनाथनं खटपट करून आदेशला गाठलं होतं.

"येतो म्हणाला," रामनाथ आता सांगत होता. "पण त्याची एक अट हाये. तुमच्या तोंडून ऐकायचंय त्याला, सगळ्यांम्होरं. मग म्हणतो, दिवाळीला बायको-पोरीला घेऊन घरी येतो."

नात तेजस्विनी आता चालायला लागली असेल. गेणभाऊंनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. "म्हणतो," ते म्हणाले. "म्हणायला काय जातंय."

चार वाजता आदेश आला. बाहेर चपला काढून भिंतीला टेकून बसला.

"बरे आहात?"

"हाये बरा. जेवलास का?"

"जेवलो."

मग दोघेही फळ्याकडे बघत राहिले.

माणसं जमली. रामनाथनं पदक आदेशच्या हातात दिलं आणि गेणभाऊंना खूण केली. ते उभे राहिले. घसा खाकरला. तेवढ्यात दारात एक बाई आली. तिशीची असेल. साडी नीटनेटकी, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला.

"दारू सोडायची मीटिंग हीच का?"

"हीच, ताई," रामनाथ म्हणाला. "पण हितं पिणारी बसत्यात. घरच्या बायांची बेस्तरवारी असती. तुमी मालकांना पाठवा."

"मालक लाजत आसतील!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "पयल्यांदा आमीबी बायकोलाच म्होरं घातलं व्हतं."

सगळे हसले. बाईही हसली. "बरं," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरून मागं सरली. चपलेत पाय घालताना तिनं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं होतं. दारातून लवंगेचा वास आत आला.

"थांब, पोरी," गेणभाऊ म्हणाले.

ती थांबली. रामनाथ म्हणाला, "भाऊ, तुमचं चालू द्या की. त्यांना सांगितलंय मी."

गेणभाऊंनी मुलाकडे पाहिलं. आदेश पदक मुठीत धरून वाट बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. आईसारखाच दिसत होता, अगदी नाकडोळ्यांसकट. एक वाक्य, की दिवाळीला घरात तीन माणसं.

दाराशी बाईचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

"ये, आत ये," ते तिला म्हणाले. आपल्या जागेवरची सतरंजी त्यांनी हातानं झटकली. "तू बस हितं."

मग ते पुन्हा सरळ उभे राहिले. जीभ खरंच जड झाली होती.

"मी गेणभाऊ," ते म्हणाले. "मी उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला तोंड लावलं न्हाई. पीत व्हती ती प्रयाग, ह्या आदेशची आई."