पिंपळाची सावली

घाटात टँकर उलटला आणि वाहतूक थांबली. शौकतच्या ट्रकमधल्या बाराशे ब्रॉयलर कोंबड्या मेच्या उन्हात चोची वासून धापा टाकत होत्या. गाडी थांबली की पिंजऱ्यांतला वारा थांबतो. त्याने ट्रक ढाब्यामागच्या माळावर घातला आणि गोल गोल फिरवत ठेवला.

तिथे पिंपळाखाली हणमंतनानांचा ट्रक उभा होता, तसाच कोंबड्यांनी भरलेला. शौकतला गाडी त्यांनीच शिकवली होती.

"उन्हात कशाला भाजतोस त्यांना? सावलीत लाव," नाना ओरडले.

"थांबल्यावर वारं लागत नाही, नाना. तुम्हीपण फिरवा."

नाना नुसते हसले.

तासाभराने रस्ता मोकळा झाला. शौकतच्या पिंजऱ्यांत कलकलाट चालूच होता. "नाना, चला."

आपल्या ट्रकच्या मधल्या पिंजऱ्यात घातलेला हात नाना बाहेर काढेनात.

"सावलीतच होत्या की रे," ते म्हणाले.