न ताणलेली तार

तार पुन्हा पुन्हा वाकवून तपासणारे यंत्र थांबल्यानंतरच्या शांततेत दोघे बहीणभाऊ एकमेकांकडे पाहणे टाळत होते. यंत्राच्या जबड्यांत तारेचे दोन तुकडे उरले होते, केसाएवढे बारीक.

"ही तिसरी," बहीण म्हणाली. "तिन्ही मी लावलेल्या. तू लावलेली एकही अशी लवकर तुटत नाही, दादा."

"तुझा हात बसला नाही अजून. तिरकी लागली असेल."

"मग लावून दाखव."

भावाने नवी तार घेतली. जबड्यात अडकवण्याआधी तिची दोन्ही टोके पकडींत धरून एक सणसणीत ओढ दिली. तार लांबली, सोडताच पुन्हा होती तेवढी झाली, जणू तिच्यावर काही गुदरलेच नव्हते. याच गुणामुळे ती रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीसाठी निवडली गेली होती.

"हे काय केलंस?"

"सरळ करून घेतली. गुंडाळीचा बाक राहतो ना. पहिल्यापासूनची सवय."

"अरे, एकदा अशी ओढली की ती आतून आवळून बसते. मग तडा लवकर पुढे सरकत नाही. म्हणून तुझ्या टिकतात." तिचा आवाज खाली आला. "जाळी विणणारे तार अशी ओढून घेत नाहीत, दादा. आईच्या मांडीत आहे ती जाळी..."

भावाने पकडी टेबलावर ठेवल्या. आवाज होऊ नये इतक्या हळू. मांडीतली रक्तवाहिनी प्रत्येक पावलाला वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. याच चाचण्यांवरून तार टिकाऊ असल्याचे जाळी बनवणाऱ्यांना त्यानेच कळवले होते. आणि शस्त्रक्रियेला घाबरलेल्या आईला, "माझ्या हाताखालून गेलेली तार आहे, डोळे मिटून बसवून घे," असेही त्यानेच सांगितले होते.

प्रयोगशाळेचे दार ढकलून आई आत आली. कपाळावर घाम, चेहऱ्यावर शर्यत जिंकल्याचा आनंद.

"लिफ्ट होती बरं का खाली. नको म्हटलं! जिन्याने आलेय, कठड्याला हातसुद्धा लावला नाही." बहिणीने पुढे केलेल्या खुर्चीकडे न पाहता ती जागच्या जागी पावले टाकून दाखवू लागली. "डॉक्टर म्हणतात, चालाल तेवढं चांगलं. काय रे, आता रोज टेकडीपर्यंत जाऊ ना?"

भाऊ टेबलावरच्या पकडींकडे पाहत राहिला.

"तोंडं का पाडून बसलात दोघं? अरे, तुला विचारतेय मी. जाऊ ना?"

भाऊ अंग चोरून तिच्या बाजूने दाराबाहेर गेला. त्याची पावले जिना उतरत गेली. आत आईची पावले अजून जागच्या जागी पडत होती.