धुलाई चालू आहे

"मंग आता कपडे कोनाचे धुऊन राह्यले तुमी?" सिंधूताईने विचारलं.

फोनच्या पडद्यावर तिचा नवरा दयाराम कपड्यांच्या घड्या घालत होता. तो अफगाणिस्तानात होता, अमेरिकी फौजेच्या छावणीत. ठेकेदाराने त्याला धुलाईच्या कामावर नेलं होतं, त्याला कैक वर्षं झाली. ती गावाकडे, दुसरबीडला, घराच्या ओट्यावर.

फौज थोडी थोडी निघून चालली होती. आधी बँडवाले गेले. मग दातांचा डॉक्टर. मग आइस्क्रीमचं यंत्र गेलं, बंदोबस्तात. कुत्र्यांनाही विमानात जागा मिळाली. दरवेळी दयाराम सांगायचा, "आता आमचा नंबर." आणि दरवेळी ठेकेदाराचा साहेब म्हणायचा, शेवटचा शिपाई असेपर्यंत धुलाई चालू राहील. काल शेवटचा शिपाई गेला. साहेब त्याच्याच शेजारी बसून गेला.

"त्याईचे गणवेश राह्यले ना इथं," दयाराम म्हणाला. "सकाळी धुतले. इस्त्री केली."

"घालते कोन?"

"कोनी नाही. पन धूळ बसते. मंग पुन्हा धुवा लागते."

सिंधूताईला हसू आलं नाही. समताच्या, पोटच्या लेकीच्या लग्नाला तो आला नव्हता. साहेबाने सोडलं नाही. आईच्या मातीलाही आला नाही. तेव्हाही साहेबानेच सोडलं नाही.

"फाटकावर पहारा हाये?"

"नाही."

"कुलूप?"

"नाही. उघडंच हाये. नेपाळी आचारी आत्ताच कामगारांच्या विमानाकडं पळाले. शेवटचंच हाये म्हने."

"मंग तुमाले धरून कोन राह्यलं?"

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"काम बंद करा, असं कोनी सांगतलं नाही ना," तो ओशाळून म्हणाला. "सांगनारेच गेले."

तिकडे कुठेतरी धडाम असा आवाज झाला. पडदा हलला. दयारामने सवयीने एक गणवेश उचलून झटकला.

सिंधूताई उठून उभी राहिली. तिने पदर खोचला. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"दयाराम!" ती ओरडली. "मशीन बंद कर! घरी ये!"

दयारामच्या हातातला गणवेश खाली पडला. त्याने टाचा जुळवल्या, छाती ताठ केली.

"येस सर!" तो म्हणाला, आणि फाटकाकडे पळत सुटला.